लाळेतले पांढरे कण

खोन केन शहरातल्या म्हशींच्या बाजारात खामतान दलाल बोलायला लागला की शेवटच्या दावणीपर्यंत ऐकू जायचं. आता त्याच माणसाला पाणी मागायचं तर बोटाने खूण करावी लागत होती. हाडांच्या मगजाचा कॅन्सर. डॉक्टरांनी त्याच्याच रक्तातल्या मूळ पेशी आधी काढून ठेवल्या, जहाल औषध दिलं आणि मग त्या परत चढवल्या. त्या रुजेपर्यंत थांबायचं होतं, पण तोवर तोंड आतून पार सोलवटून निघालं होतं.

नर्सने गोळी दिली, पाणी पाजलं. "गिळलीत ना, काका?"

खामतानने मान डोलावली. उशाशी बसलेल्या त्याच्या बायकोने, लमयाईने, मास्कमागे ओठ घट्ट मिटले. रोज नर्सची पाठ वळली की तो गोळी थुंकायचा आणि ही कागदी रुमालात गुंडाळून टाकून द्यायची. गिळता येत नाही असं कळलं तर नाकात नळी घालतील, ही त्याची धास्ती. थोरला भाऊ नाकात नळी असतानाच गेला होता. "कुणापाशी बोललीस तर याद राख," असं त्याने बोलता येत होतं तेव्हाच बजावलं होतं.

आज नर्स बाहेर पडते न पडते तोच डॉक्टर रचवदी आत आली. ही दातांची डॉक्टर. अशा रोग्यांच्या लाळेतली प्रथिनं तपासून कुणाचं तोंड जास्त फुटतं नि का, हे ती शोधत होती. त्यासाठी रोज सकाळी लाळ घ्यायला यायची.

"थोडीशीच द्या, काका. पुढे वाका, आपोआप गळू दे."

खामतानने डोळे वटारले, तरी वाकला. चिकट, लालसर तार नळीत उतरली आणि तिच्याबरोबर पांढरे कणही. रचवदीने नळी उजेडात धरली.

"हे काय?"

तिने टॉर्च लावून त्याच्या तोंडात पाहिलं. टाळूवर, हिरड्यांवर बारीक फोडांचे पुंजके होते.

"औषधाने तोंड येतं ते बहुतेक गालाच्या आत, जिभेखाली. हे टाळूवर कसं?" ती लमयाईकडे वळली. "आणि हे कण गोळीचे दिसतात. मावशी, हे गोळ्या गिळतात ना?"

खामतानने बायकोचं मनगट पकडलं. मान जोरजोरात हलवली.

"तोंडात एक विषाणू दबा धरून असतो, मावशी. ती गोळी त्याला उठू देत नाही. एरवी लाळेतली प्रथिनंही तोंडाची राखण करतात, पण सध्या यांची लाळच आटलीय. हे घशात उतरलं, सूज आली, तर श्वास अडकेल. खरं सांगा."

मनगट दुखायला लागलं होतं. लमयाईने नवऱ्याकडे पाहिलंच नाही.

"नाही गिळत. नाकात नळी घालाल या भीतीने थुंकतात. आणि मीच फेकून देते."

त्याने हात सोडला. आवळण्यापेक्षा ते सोडणंच तिला जास्त लागलं.

वॉर्डचे डॉक्टर धावत आले. फोडांवरून बोळा फिरवून तपासायला पाठवला आणि तपासणीची वाट न बघता शिरेतून औषध सुरू केलं.

"गोळी जमत नव्हती तर सांगायचं! शिरेतून औषध दिलं असतं. आणि तोंडाची ही दशा असताना नाकात नळी आम्हीच टाळतो. कुणी भरवलं हे तुमच्या डोक्यात?"

दुपारी त्याचा श्वास शिटीसारखा वाजू लागला. दाराशी श्वासाचं मशीन आणून ठेवलं. लमयाई त्याच्या छातीवरून नजर हलवेना. छाती वर गेली की हिचा श्वास थांबायचा, ती खाली आली की सुटायचा. संध्याकाळपर्यंत ती शिटी वाढली नाही, एवढंच. दुसऱ्या दिवशी ती विरली आणि मशीन जसं आणलं तसं परत गेलं.

तरी खामतान भिंतीकडे तोंड करूनच पडून राहिला. ती बोलली की डोळे मिटायचा. पुढे पेशी रुजल्या, फोड सुकले, लाळ पातळ झाली, पण त्याचा अबोला काही सुटेना.

एका सकाळी तिने पेजेचा चमचा पुढे केला. त्याने तो घेतला, गिळला आणि घोगऱ्या आवाजात एक सणसणीत शिवी हासडली.

"मीठ कुठाय?"

"डॉक्टरांनी नको सांगितलंय." तिने चमचा पुन्हा भरला. "माझ्यावर रागावलात अजून?"

"हो," तो म्हणाला आणि दुसऱ्या चमच्यासाठी तोंड उघडलं.