ताप मला, दुखणं दुसऱ्याचं

मी रिले बोलतोय. काडेपेटीच्या निम्म्या आकाराची एक काळी डबी. एका जुन्या पांढऱ्या गाडीत, स्टिअरिंगच्या खाली, फ्यूजच्या शेजारी माझी जागा आहे. किल्ली फिरली की मी 'टक्' करतो, पंपाला वीज देतो आणि तो टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलतो. मी टक् केलं नाही तर एवढं मोठं धूड जागचं हलत नाही. बढाई मारत नाही, काम सांगतोय.

गाडीचे मालक टेलिफोन केंद्रात तंत्रज्ञ होते. घरात सगळे त्यांना बाबा म्हणतात. गाडी चालवताना ते गाणी लावत नसत, इंजिन ऐकत बसत. पुढे त्यांचे हात थरथरू लागले आणि किल्ली लेकीकडे गेली. मग त्यांची मूत्रपिंडं थकली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, पाऊण तासाचा रस्ता. तो माझ्या भरवशावर.

आणि नेमका त्याच उन्हाळ्यात मला ताप येऊ लागला. वीस मिनिटं झाली की अंगावर बोट ठेववत नसे. मग माझी पकड सुटायची, पंप थांबायचा, गाडी बंद. दहा मिनिटांत निवलो की मी पुन्हा ठणठणीत! त्यामुळे गॅरेजमध्ये दोष कधी सापडलाच नाही.

एका सकाळी पुलाच्या चढावर गाडी थांबली. मागून हॉर्नचा गोंगाट. बाबांना आधीच धाप लागलेली. लेक खाली उतरून एकटीच गाडी ढकलू लागली, तेव्हा कुठे दोघंतिघं धावून आले. दवाखान्यात पोचायला दीड तास उशीर झाला.

त्या दिवशी तिच्या धाकट्या भावाने मला उपटून नवा रिले बसवला. माझी रवानगी समोरच्या कप्प्यात, जुन्या पावत्यांखाली. मला अपमान वाटला, खोटं कशाला बोलू? पण तिसऱ्याच दिवशी नवा गडी वितळला. निदान त्या वेळी गाडी घराच्या फाटकातच थांबली.

"ताई, पुरे झालं. भंगारात काढू," भाऊ म्हणाला.

"थांब," बाबा म्हणाले. आजारपणानंतर त्यांनी एकाही हत्याराला हात लावला नव्हता. "दोन रिले एकाच जागी तापतात, आणि तुम्ही रिलेलाच दोष देता? ताप आला म्हणून थर्मामीटर फोडतात का रे? माझी उभी हयात टेलिफोन केंद्रातल्या रिलेंच्या टकटकाटात गेली. तो जुना आण इकडे."

त्यांनी माझी टोपी काढायला लावली, भिंगातून आत पाहिलं. "हा शाबूत आहे. एक पाय तेवढा काळवंडलाय. आता त्या पायाचं घर बघ."

लेक पाठीवर झोपून स्टिअरिंगखाली शिरली. "बाबा, इथलं एक भोक सैल आहे. प्लास्टिकही करपलंय."

"सैल जोड म्हणजे उष्णता. आता पंप किती वीज ओढतो ते मोज."

तिने मीटर लावला. पंप हवी तिच्या दीडपट वीज ओढत होता. बाबांचा चेहरा उजळला. "पेट्रोलचा फिल्टर तुंबलाय. पंप बिचारा जीव खाऊन ढकलतोय, आणि त्याचा सगळा भार या सैल जोडातून जातोय."

त्यांच्या बोटांना तार धरवत नव्हती. म्हणून ते स्टुलावर बसून सांगत गेले आणि लेक करत गेली. बॅटरी सोडली, त्या सैल भोकातली करपलेली पट्टी बदलली, नवी घट्ट दाबून बसवली, फिल्टर नवा घातला, माझे पाय पॉलिश पेपरने घासले आणि मला परत जागेवर बसवलं. टॉर्च भावाने धरला. पंपाची वीज पुन्हा मोजली तेव्हा ती जेवढी हवी तेवढीच होती.

दुसऱ्या दिवशी कडक ऊन होतं. तिघं मुद्दाम तासभर हिंडून आले. घरी आल्यावर बाबा कसेबसे वाकले आणि थरथरतं बोट माझ्यावर टेकवलं. मी श्वास रोखून धरला होता.

"कोमट!" ते ओरडले. लेक हसता हसता रडायलाच लागली.

आता सहा महिने झाले, दवाखान्याची एकही वेळ चुकलेली नाही. माझं मागणं फार मोठं नाही. वर्षातून एकदा मला उपसून माझे पाय पुसा, जोड चाचपून बघा. आणि कधी पुन्हा तापलोच, तर फेकण्याआधी मला एवढंच विचारा, की गड्या, तू कुणाचं ओझं वाहतोयस?

चला, किल्ली फिरली. टक्.