रस्त्याची माया

“झालं की हो साहेब! आता काय राहिलं?” हवालदाराने मोटारसायकल थांबवून विचारले.

फूटपट्टी सायकलवरून उतरला. पुढच्या चाकाला लावलेल्या आकडेयंत्रावर त्याने डोळे बारीक केले, आकडा वहीशी ताडून पाहिला आणि दिव्याच्या खांबापाशी खडूने एक फुली मारली. उजाडल्यापासून तो सायकलवरून हा रस्ता मोजत होता, आणि हवालदार मागून गाड्या अडवत, कुरकुरत येत होता.

“बेचाळीस किलोमीटर, एकशे पंच्याण्णव मीटर. मॅरेथॉन इथं संपते.”

“सुटलो!”

“पण रेघ इथं नाही मारायची.” फूटपट्टीने पिशवीतून लांब पोलादी टेप काढला. “धरा हे टोक. अजून बेचाळीस मीटर पुढं.”

“ते कशापायी?”

“हजारी एक. दर हजार मीटरला एक मीटर जास्तीचा. माझं चाक कुठं घसरलं असेल, वळणावर हातभर चुकलो असेन. उद्या कुणी म्हणायला नको की रस्ता कमी भरला. नियमच आहे तसा. माणसं वर्षभर घाम गाळतात, त्यांच्या पदरात माप पुरतं पडायला हवं.”

हवालदार टेपचे टोक धरून हसत सुटला. “मापात पाप ऐकलं होतं साहेब. मापात पुण्य आज बघतोय!”

फूटपट्टी हे नाव त्याला कचेरीने दिले होते. रस्ते विभागात एकतीस वर्षे त्याने रस्ते मोजले. त्यातल्या एकावरही त्याच्या नावाची पाटी नाही, आणि ती असावी असे त्याच्या मनातही कधी आले नाही. दोन कपांत चहा सारखा भरल्याशिवाय तो घोट घेत नसे. लोक हसत. पण शहराने पहिल्यांदा मॅरेथॉन भरवायची ठरवली, तेव्हा रस्ता कुणी मोजायचा यावर सभेत चर्चाच झाली नाही.

त्या शर्यतीत आपली बायको धावेल, हे मात्र त्याला तेव्हा ठाऊक नव्हते.

बायको शिवणकाम करी. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन, आणि मशीनशी ती. गुडघे आखडले तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितले. खालच्या मजल्यावरच्या नर्सने तिला चालायला नेले आणि महिन्याभरात पळायला लावले. एका सकाळी ती घामाघूम होऊन परतली आणि म्हणाली, “नाव घातलं मी.”

“कशात?”

“तुमच्या रस्त्यावर.”

“अगं, बेचाळीस किलोमीटर! पोरखेळ आहे का?”

“हॉस्पिटलच्या कोटांवर दुसऱ्यांची नावं काढता काढता पन्नाशी उलटली माझी. आता एकदा स्वतःचं काढते.”

सहा तासांच्या आत पोचेल त्याला पदक, आणि त्याचे नाव फलकावर. सहा तास भरले की फाटक बंद.

मग घराचे वेळापत्रकच बदलले. ती पहाटे पळे, परत येऊन गिऱ्हाइकांचे कपडे शिवे, आणि जेवता जेवता बसल्या जागी पेंगे. घरामागच्या रस्त्यावर फूटपट्टीने तिला एक किलोमीटर मोजून दिला होता. त्यावरूनही भांडण.

“तुमचा किलोमीटर लांबट आहे.”

“किलोमीटर सगळ्यांना सारखाच.”

“मग जाताना आखूड आणि येताना लांब कसा होतो?”

तो तिच्या बुटांच्या नाड्या धुवायला घेई.

शर्यतीच्या दिवशी तिसाव्या किलोमीटरपर्यंत तिच्या हाताशी दहा मिनिटे शिल्लक होती. छत्तिसाव्याला पोटरीत गोळा आला. ती थांबली, बसली, उठली. दहाची आठ झाली, आठाची तीन. फूटपट्टी शेवटच्या रेघेशी, मोठ्या घड्याळाखाली उभा होता. वळणावर ती दिसली, तेव्हा ती पळत नव्हती; एक पाय पुढे टाकून दुसरा ओढून आणत होती. तरी थांबली मात्र नव्हती.

ती खांबापाशी आली. खडूची फुली पावसात केव्हाच पुसून गेली होती, पण फूटपट्टीला ती दिसत होती. त्याने मान वर केली. पाच तास, एकोणसाठ मिनिटे, सत्तावीस सेकंद. एवढ्या गर्दीत हा आकडा कशाचा आहे, हे फक्त त्यालाच कळत होते.

ती रेघ ओलांडून आली तेव्हा फाटकाची दोरी लागली होती. सहा तास, नऊ सेकंद.

“नऊ सेकंदांनी कुणाचं घोडं अडतंय?” नर्स पंचांवर तुटून पडली. ती स्वतः अर्ध्या तासापूर्वीच पोचली होती आणि गळ्यात पदक होते. “काकूंची अवस्था बघा जरा!”

पंच भला माणूस होता. त्याने गुडघ्यांवर हात टेकून वाकलेल्या बाईकडे पाहिले आणि फूटपट्टीला हाक मारली. “साहेब, रस्ता तुम्ही मोजलात. नऊ सेकंद म्हणजे पंधरा-वीस पावलं. मोजणीत तेवढं इकडंतिकडं होतंच. थोडा जास्त भरला असं म्हणा, मी यांचं नाव घेतो.”

जास्त भरला असे म्हटले असते तर ते खोटेही नव्हते.

“माप बरोबर आहे,” तो म्हणाला.

तिने वाकल्या वाकल्याच मान वळवून त्याच्याकडे पाहिले. मग ती आपली आपण सरळ झाली आणि नर्सचा खांदा धरून चालू लागली. देवाला भिऊन वागणाऱ्या माणसाचे असेच असते. पुण्य तो करतो आणि पावती घरच्यांच्या नावावर फाटते.

पुढचे तीन दिवस ती बोलली नाही. कठडा धरून, उलट्या पावलांनी एकेक पायरी जिना उतरायची. त्याने गरम पाण्यात मीठ टाकून बादली पुढे ठेवली की त्यात पाय सोडायची, पाणी निवले की बाहेर काढायची. “नको” नाही की “बास” नाही.

चौथ्या दिवशी हवालदार गणवेशाची पँट घेऊन आला.

“वहिनी, कंबरेत आवळतेय. दोन वर्षांपूर्वी तुम्हीच शिवलीत. कापड आटलं बहुतेक.”

“कापड नाही, पोट सुटलंय,” ती म्हणाली. तीन दिवसांतले तिचे हे पहिले धड वाक्य.

“तुमचं ऐकलं मी. वाईट वाटलं हो. साहेबांनी त्या दिवशी माझ्याच हातात टेप देऊन बेचाळीस मीटर जास्तीचे घातले. तेवढे नसते तर वहिनी आज पदक घालून मशीनवर बसल्या असत्या!” त्याने हसून फूटपट्टीकडे पाहिले, त्याचा पडलेला चेहरा दिसला, आणि हसू तोंडातच ठेवून, पँट तिथेच टाकून त्याने काढता पाय घेतला.

ती फूटपट्टीकडे वळली.

“खरं आहे?”

“खरं आहे.”

“जगाला हजारी एक जास्तीचा, आणि बायकोला नऊ सेकंद नाहीत!”

फूटपट्टी खाली मान घालून बसला होता. “तू खांबापाशी आलीस तेव्हा तेहेतीस सेकंद बाकी होते. मी पाहिले.”

“तेहेतीस?”

“तेहेतीस.”

“हे कुणाला ठाऊक आहे?”

“मला. आता तुला.”

“मग तोंडात काय मिठाची गुळणी धरली होती? तो माणूस आपण होऊन विचारत होता!”

“ते बेचाळीस मीटर माझ्या चुकीसाठी ठेवले होते. माझं चाक घसरलं असेल, नसेल. मला नक्की ठाऊक असतं तर ठेवलेच नसते.” तो थांबला. “त्यातले मूठभर काढून घरच्या माणसाला दिले असते, तर ते माप राहिलं नसतं गं.”

पँट तिने ओढून घेतली, उलटी केली आणि मागच्या शिवणीत ब्लेडचे पाते घातले. टाके तटातट सुटले. आत दुमडलेले दोन बोटे कापड उलगडले. बाहेरचा रंग उन्हापावसाने विटला होता. आतली पट्टी शिवली त्या दिवसाइतकी नवी होती. ती तिच्यावरून अंगठा फिरवत राहिली.

“ह्याला आम्ही काय म्हणतो, ठाऊक आहे?”

“काय?”

“माया. शिवताना आत सोडायची. गिऱ्हाईक म्हणतं, बाई, कापड फुकट घालवलंत. प्रवचनाला बसले की महाराज सांगतात, माया सोडा, माया सोडा. मला हसू येतं. म्हटलं, मी तर रोज सोडते.” तिला आताही हसू आले, पण अर्ध्यावर अडकले. “राग आहे मला. इतक्यात जायचा नाही तो.”

“असू दे.”

तिने पँट सुईखाली सरकवली आणि पेडल दाबले. पोटरीत कळ उठली. तिने ओठ घट्ट मिटले, पुन्हा दाबले. चाक अर्धा फेरा फिरून मागे आले.

फूटपट्टीने स्टूल तिच्या शेजारी ओढले, चप्पल काढली आणि उजवा पाय पेडलवर ठेवला. तिने तो ढकलला नाही.

“सावकाश. मी सांगेन तेव्हा थांबायचं.”

“किती टाके? मोजू का?”

“मोजू नका.”

मशीन सुरू झाले. पेडलवर दोन पाय शेजारी शेजारी खालीवर होत होते. जोर त्याच्या पायाचा होता. तिचा पाय, अंगठ्याचे नख काळे पडलेला, नुसता ठेवलेला होता.