मोराखालची जागा

मी एक जुना पडदा आहे. कोल्हापूरच्या रंगभूमीचा मोठा काळ माझ्यासमोर घडला, असं मी छातीठोकपणे सांगू शकतो. फक्त मी नटांच्या मागे टांगलेला असे, त्यामुळे त्या काळाची मला पाठच तेवढी दिसली.

मित्रांनो, मांजरपाटाचे पट्टे शिवून आणि खळ चोपडून मला तयार केलं, ते एकोणीसशे एकोणपन्नास साली. गणपतरावांच्या नाटक मंडळीला जंगलाचा पडदा हवा होता. जंगलात राजपुत्रानं वाट चुकायची आणि नायिकेनं गायचं, एवढंच त्या जंगलाचं काम. रंगवायला आला आकाराम पेंटर. लढाईआधी त्याची हरणं नावाजलेली होती. मग धाकट्या भावाला, गुंडूला, सोबत घेऊन तो पलटणीत भरती झाला आणि ब्रह्मदेशातून एकटाच परतला. "कुठं ठेवून आलास रं त्याला?" त्याची आई धोंडुबाई विचारायची. आकाराम ताट सरकवून उठायचा.

त्यानं सरसात रंग कालवले आणि माझ्यावर जळके बुंधे उभे केले. तांबडा चिखल, धुरकट आभाळ, पाखरू एक नाही. उजव्या कोपऱ्यात, चिरफाळलेल्या झाडाखाली, मातीचा लहानसा उंचवटा. बाकी सगळं त्यानं सपाट्यात उरकलं. तो उंचवटा मात्र तो काढायचा, पुसायचा, पुन्हा काढायचा. त्याचं तोंड माझ्याकडे असे, म्हणून मला ठाऊक.

"आकाराम, हे जंगल हाय का मसणवाट?" गणपतराव ओरडले.

"जंगलच हाय, मालक. बघून आलोय."

"अरं, मग हरणं कुठायत?"

"पळाली असतील की."

भाकरी घेऊन आलेली धोंडुबाई दारातच थबकली. गणपतराव गेल्यावर ती माझ्यासमोर उकिडवी बसली आणि तिनं उंचवट्याकडे बोट नेलं.

"हितं?"

"व्हय."

"आग दिलीस?"

"न्हाय, आये. धूर दिसला असता. माती दिली."

तिनं बोट मागे घेतलं नाही. "झाडाला पान न्हाय रं. उन्हात ठेवलास लेकराला."

आकारामनं हिरवा रंग कालवला आणि उंचवट्यावर झुकलेली एक फांदी काढली. रंग दाट व्हायची वाट त्यानं पाहिली नाही, म्हणून पानं जरा ओघळली.

फांदी पाहून गणपतराव खूश झाले. "आत्ता कसं! सुधारतंय जंगल." उरलेली सुधारणा त्यांनी दुसऱ्या पेंटरकडून करून घेतली. उंचवट्यावर पिसारा फुलवून मोर बसला. आकारामनं आपले कुंचले उचलले. त्यानंतर तो दुकानांच्या पाट्याच रंगवू लागला.

पितृपंधरवड्यात धोंडुबाई म्हाळाचं पान घेऊन थेट थिएटरात आली.

"आक्का, माणसं हितं नाटक बघाय येत्यात," गणपतराव कुरकुरले.

"बघू द्या की. मी माझं पान ठेवून जातो." तिनं मोराकडे निरखून पाहिलं. "कावळा न्हाय तर न्हाय. सोबत तरी झाली."

मग ती दरवर्षी येऊ लागली. एकदा खेळालाही बसली आणि नायिकेच्या गाण्यात घळाघळा रडली. नायिका ते वर्षभर सांगत होती.

पुढे बोलपटांनी मंडळी बंद पाडली. पडदे विकले गेले. आकारामला कुणी कळवलं नाही. बैलगाडीची वाट पाहत मी गुंडाळलेला जिन्याखाली पडलो होतो, तेव्हा धोंडुबाईचा आवाज आला.

"पावणं, आमचं पोरगं कुठाय हो? मोराखालचं?"

"म्हातारे, हितं आता शिनेमा हाय," दरवान म्हणाला. "मोर न्हाय न् काय न्हाय."

ती पान जिन्याच्या पायरीवर ठेवून निघून गेली. पायरीखाली मी होतो.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकताना तिच्या आसऱ्याला कुणी आहे का, एवढं विचारत जा.

सध्या मी शिरोळच्या एका गुऱ्हाळावर गुळाच्या ढेपा झाकतो. माझा रंग गुळाला लागत होता, म्हणून पहिल्याच आठवड्यात मला नदीवर नेऊन धुतलं. कापड अजून मजबूत आहे.