लॉयलची ओळ

व्हर्लन स्टट्सला आता सगळ्याचाच वीट आला होता. बसचा, हॉटेलांतल्या कुबट गाद्यांचा, जन्मभर तेच ते गाणं मागणाऱ्या लोकांचा. गळ्याचे तर केव्हाच तीनतेरा वाजले होते. दरवर्षी गिटार थोडी खालच्या सुरात लावून तो कसंबसं निभावून नेत होता. जत्रा असो की बिअरबार, शेवटी फर्माईश एकच: लॉयलचं गाणं.

लॉयल प्रुएट म्हणजे त्याचा जिवाभावाचा दोस्त, बँडचा पहिला गायक. गाणं त्यानं रचलं आणि रेकॉर्ड व्हायच्या आधीच बस उलटून तो गेला. मग व्हर्लननं ते गायलं. त्याच्या जिवावर नाव कमावलं, घर बांधलं, दोन बायका केल्या आणि घालवल्याही.

मे महिन्यातल्या त्या रविवारी थडगी सजवायला सगळी पंचक्रोशी चर्चमागे जमली होती. अलाबामाच्या त्या डोंगराळ भागात हे दरवर्षीचंच. गवत खुरपायचं, फुलं मांडायची, मग झाडाखालच्या टेबलांवर तळलेली कोंबडी आणि केळ्याचं पुडिंग. व्हर्लन हा दिवस हटकून चुकवायचा. या खेपेला मात्र लॉयलच्या आईनं, सगळे आदरानं ‘मिस’ म्हणत त्या मिस ओलीटानं, निरोप धाडला होता. म्हातारी नव्वदीपार, डोळे गेलेले. पुढल्या वर्षी मी इथंच मातीखाली असेन, तेव्हा आत्ताच ये आणि माझ्या पोराचं गाणं ऐकव, असा रोखठोक निरोप. लॉयल गेल्यापासून तिनं ते ऐकलं नव्हतं. रेडिओवर लागलं की बंद करायची.

आता नाही कोणत्या तोंडानं म्हणणार? एवढं एक धड पार पडू दे, मग गळा कायमचा बसला तरी चालेल, असं मनाशी म्हणत तो लॉयलच्या थडग्याशेजारी, म्हातारीजवळ खुर्ची ओढून बसला.

पहिलं कडवं फाटक्या आवाजात निभावलं. ध्रुवपद आलं तसा सवयीनं त्याचा हात वर गेला आणि तो थांबला. रेकॉर्डवर सगळ्या बँडनं मिळून म्हटलेली ही ओळ कार्यक्रमात तो कधी गातच नसे. ती लोकांची. तो नुसता माइक पुढे करायचा, की बिअर प्यालेले हजारो गळे ती उचलून धरायचे.

इथं कोण उचलणार, कपाळ! बाप्टिस्ट मंडळी ती. भजनं तोंडपाठ, बाकी सगळं वर्ज्य. हातात ताटल्या धरून सगळे त्याच्याकडे बघत राहिले. व्हर्लननं पुन्हा तार छेडली. ओळ काही आठवेना. जिच्यावर आयुष्यभर पोट भरलं, तीच नेमकी विसरला होता.

“थांबलास का रे?” मिस ओलीटानं विचारलं.

“ओळ आठवत नाही,” तो खालमानेनं म्हणाला. “इतकी वर्षं लोकच म्हणायचे ती.”

म्हातारी रागावली नाही. चाचपडत तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि साध्या बोलण्यात सांगितलं, “आई, कडी लावू नको, उशीर झाला तरी येतो मी.” मग म्हणाली, “अजून लावत नाही. म्हण आता.”

व्हर्लनला रडू आवरेना. तरी त्यानं ती ओळ म्हटली, पहिल्यांदाच एकट्यानं. आवाज चिरकला, सूर कुठल्या कुठं गेला.

“पुन्हा म्हण,” म्हातारी म्हणाली. त्यानं पुन्हा म्हटली.