इंदापूरचं खातं

श्रेया बारामतीत एका कर सल्लागाराकडं कामाला होती. लोकांची रिटर्न भरायची, रिफंड कुठवर आलाय ते बघून सांगायचं, हे तिचं रोजचं काम. वडिलांचं, विजयसिंहांचं, रिटर्नही तिनंच भरलं होतं. ठेवींच्या व्याजावर बँकेनं कापलेला कर परत मिळायचा होता. पण रिटर्न भरून पंधरवडा झाला नाही तोच लासुर्ण्याच्या घरी, जेवता जेवता, ते गेले.

आईनं त्यांचं पेन्शनचं खातं बंद केलं आणि रिफंड बँकेतून परत गेला. पोर्टलवर 'रिफंड फेल' दिसायला लागलं. आता वारस म्हणून नोंदणी झाल्याशिवाय काही हलणार नव्हतं. श्रेयानं कागदपत्रं जमवायला घेतली.

एका दुपारी तिनं वडिलांच्या नावानं लॉगिन केलं आणि तिचा हात माऊसवरच थांबला. रिफंड पुन्हा पाठवा, अशी विनंती सकाळीच नोंदली गेली होती. खातं इंदापूरच्या कुठल्याशा बँकेतलं, तिनं कधी न ऐकलेलं. पडताळणी ओटीपीनं झालेली. तो ओटीपी वडिलांच्याच मोबाईलवर जायचा. आणि पासवर्ड तिच्या नि वडिलांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हता.

नक्की फसवणूक, असं म्हणत तिनं स्कूटी काढली आणि तडक लासुर्णं गाठलं.

आई, संजीवनीबाई, पडवीत भेंडी चिरत बसल्या होत्या. वडिलांचा मोबाईल शेजारीच चार्जिंगला लावलेला.

"आई, पप्पांच्या फोनवर कुणाचा फोन आला होता?"

"व्हय की. सकाळी."

"कुणाचा?"

आईनं मान वर केली नाही. "त्यांचाच."

श्रेया तिच्यासमोर खाली बसली.

"मेसेजमधलं आकडं वाचून दाखव म्हणाले. दाखवलं."

"अगं, असले फोन चोरांचे असतात. हल्ली कुणाचाही आवाज काढता येतो."

"मला सजे म्हणाले." विळी बाजूला सारून आईनं तिच्याकडं बघितलं. "चारचौघांत कधी म्हणले न्हाईत. तुला तरी ठावं होतं का?"

श्रेयाला ठाऊक नव्हतं. तिनं मोबाईल उचलला. पूर्ण चार्ज होता, पण रेंजची एकही काडी नव्हती. तिनं स्वतःच्या फोनवरून तो नंबर लावला. हा क्रमांक सेवेत नाही, असं एक बाई सांगत राहिली. वडील गेल्यापासून रिचार्ज कुणी केलाच नव्हता. सिम कधीच बंद पडलं होतं.

तिनं मोबाईलची चार्जिंगची वायर उपसून काढली.

दुसऱ्या दिवशी ती आईला घेऊन इंदापूरला गेली. खातं खरंच होतं. नवरा-बायकोच्या दोघांच्या नावावर, लग्नानंतर ते इंदापुरात राहत होते तेव्हा काढलेलं. आई ते विसरूनही गेली होती. गेल्याच वर्षी विजयसिंह साहेब स्वतः येऊन खातं पुन्हा चालू करून गेले, असं बँकेतल्या माणसानं सांगितलं. काही दिवसांनी पोर्टलवर 'रिफंड जमा' दिसलं. आईला पैसे मिळाले. त्यातला एक रुपयाही कमी नव्हता.

चोर असता तर पैसे गेले असते. श्रेया हे ऑफिसात कुणाला सांगू शकली नाही. पुढच्या रविवारी ती लासुर्ण्याला गेली, तेव्हा आई ओसरीवर एकटीच बसली होती.

"आई, त्यानंतर पुन्हा फोन आला?"

"आला की. काल."

"काय म्हणाले?"

"आता तुझं पॅन कार्ड दे, तुझं बी काम उरकून टाकतो म्हणाले."

श्रेयानं आईचा हात घट्ट धरला. "दिलंस?"

"न्हाय. म्हटलं, उसाची लागण राहिलीय, आपल्या धाकट्या पूर्वीला सातवा महिना लागलाय. तिचं बाळंतपण कोण करणार? एवढ्यात न्हाय जमायचं यायला."

"मग?"

आईनं पदर सारखा केला.

"बरं, म्हणाले. आवाज जरा उतरला त्यांचा. मलाच वाईट वाटलं."