पेटीवर बसलेला नवरा

क्लोतिल्दा सिनेमात सासू व्हायची आणि घरीही सासूच होती. वेगळं नाटक तिला करावंच लागत नसे. तुरिनच्या एका काचेच्या छपराच्या स्टुडिओत तिचा मुलगा सेकोंदो संशयी नवरा व्हायचा, सून दिना त्याची बायको, आणि अमलेतो नावाचा देखणा नट दिनाचा यार. आज यार पेटीत लपणार होता. नवरा नेमका पेटीवर बसून सूप ओरपणार, आतून धडका बसल्या की सुपासकट उडणार, आणि लोक पोट धरधरून हसणार.

कॅमेऱ्याचं हँडल फिरू लागलं. अमलेतो पेटीत शिरला. सेकोंदोनं झाकण आपटलं, कुलपात किल्ली फिरवली आणि खिशात टाकली.

तालमीत किल्ली नव्हती.

"दिने," पेटीवर बसून, दात विचकत सेकोंदो म्हणाला, "सुपात मीठ बरोबर आहे का गं? की तेही त्यालाच विचारू?"

दिना पांढरीफटक पडली. "सेकोंदो, उघड! श्वास कसा घेईल तो?"

"घेईल की. तुझं नाव घेत घेईल."

सिनेमा मुका. नट तोंडानं वाटेल ते बरळत, कुणी लक्ष देत नसे. त्यात शेजारी सुतारांची ठोकाठोक आणि दिग्दर्शकाचा कर्णा.

घरची लक्तरं चारचौघांत नकोत म्हणून क्लोतिल्दानं आधी सासूच्या तोऱ्यात मुलाचा कान पिळला. "गाढवा, किल्ली दे."

"आई, तू मधे पडू नकोस. मी डोळ्यांनी पाहिलंय."

पेटीतल्या धडका मंदावल्या. आता अब्रू गेली चुलीत! ती दिग्दर्शकाकडे वळून किंचाळली, "अहो, तो गुदमरतोय! खरंच मरतोय!"

"वा, मादामा!" कर्णा गरजला. "अश्शी! छाती पिटा! दिना, रडत राहा!"

कॅमेऱ्यामागची माणसं हसून लोळत होती. जितकं ओरडावं तितकं यांना गोड, हे म्हातारीनं ओळखलं. मग तिनं कुठल्याच नटानं कधी केलं नव्हतं ते केलं. चित्राच्या चौकटीतून तरातरा बाहेर आली आणि कॅमेरावाल्याचं मनगट आवळून धरलं.

हँडल थांबलं. दिग्दर्शक शिव्या देता देता गप्प झाला. सुतारांचे हातोडेही थबकले. पेटीतून नखं खरडल्याचा आवाज आला. एकदाच.

आता कुणी हसेना.

क्लोतिल्दा मुलासमोर जाऊन उभी राहिली. तळहात पुढे केला. "दे."

"आई..."

"हा मेला तर ती त्याचीच विधवा असल्यासारखी सुतकाचं काळं नेसेल. द्यायचाय तिला तो मान?"

सेकोंदोनं किल्ली दिली आणि पेटीवरून घसरून जमिनीवर बसला.

झाकण उघडलं. सुतारांनी अमलेतोला बाहेर काढून जमिनीवर निजवलं. त्याचे ओठ निळे पडले होते. बराच वेळ काही नाही, मग एक मोठा, घोगरा श्वास. दिना नवऱ्याला ओलांडून धावली. तिनं अमलेतोचं डोकं मांडीवर घेतलं आणि सगळ्यांदेखत त्याच्या केसांवर ओठ टेकले.

"बघ," झाकण आपटून पुन्हा पेटीवर बसत सेकोंदो म्हणाला. "आता तरी बघ, आई. मी खोटं बोलत होतो?"

"नाही." तिनं त्याची चिकटवलेली मिशी एका हिसड्यात ओढून काढली. तो कळवळला. "खरं होतं. म्हणून माणूस मारायचा? ती गेली तर गेली. तू उरलास, तेवढं मला पुरे. चल, ऊठ त्या पेटीवरून."

तो उठेना, तेव्हा तिनं त्याला काखेत धरून उठवला.