एका गळ्याचं एकच नाव

गुहागरचं लग्न उरकून दत्तात्रय गुरुजी आमलीतल्या घरी आले, बॅग ठेवून संगणकाकडे वळले, तोच अभिजीतचा फोन.

"सर, संगणक चालू करू नका. तेवढं ऐका माझं."

अभिजीत त्यांचा जुना विद्यार्थी, आता राखोलीच्या कारखान्यात संगणक सांभाळणारा. कीर्तनांच्या कॅसेटी जपायला गुरुजींनी त्याच्याकडूनच संगणकांचं जाळं बांधून घेतलं होतं. मठ नाही, मठाधिपती नाही; एकेचाळीस कीर्तनवेड्यांच्या घरी प्रत्येक कीर्तनाची एकेक प्रत. प्रतींत फरक पडला तर बहुमताची खरी, बाकीच्या आपोआप तशा होणार. 'रामकृष्णहरी' लिहिलं की कुणालाही प्रवेश. देवाच्या दारात ओळखपत्र कसलं मागता, असं गुरुजीच म्हणाले होते.

"त्याच दारानं एक बुवा शिरला," अभिजीत म्हणाला. "माणूस एक, नावं त्रेसष्ट. मंजुळाबाईंच्या कीर्तनातला गजर कापून स्वतःचं प्रवचन घातलंय. बहुमत त्याचं, म्हणून चाळीस घरांतलं मूळ गेलं. तुमचा संगणक बंद होता, तेवढं वाचलं."

गुरुजी खुर्चीत टेकले. त्या गजरात त्यांची बायको मालती होती. सामरवरणीचं देऊळ, पंचवीस वर्षांमागचं. सगळ्यांच्या आधी टाळी देणारी. "मालतीबाई, देव पळून नाही चालला," मंजुळाबाई म्हणाल्या, आणि ती हसली होती. ती गेल्यावर तिच्या आवाजाची एवढीच खूण उरली होती.

"तुमच्यापुरती प्रत काढून देतो," अभिजीत म्हणाला.

"माझ्यापुरतं कीर्तन घेऊन काय करू, बाबा? नावं हवी तेवढी घेता येतात, गळा एकच असतो. सगळ्यांना एकाच वेळी फोनवर बोलाव."

रविवारी चारला सगळ्यांनी एकदम गजर धरला. मग अभिजीत एकेक नाव पुकारू लागला; एका फोनवरून एकदाच ओ द्यायची.

"मी चिंधा शे गुरुजी. मांगे म्हैस शे, तिले मोजू नका."

चाळीस गळे मोजून झाले. नव्या नावांना मात्र उत्तर येईना. अखेर एकजण खाकरला. "माझं... खरं नाव एकच आहे. चुकलो."



"त्यांचं एक राहू दे," गुरुजी म्हणाले. "बासष्ट काप."

सगळ्यांनी खोटी प्रत पुसली. मग गुरुजींनी संगणक चालू केला आणि मंजुळाबाईंचं कीर्तन घरोघर परत गेलं. फोन कुणी ठेवलाच नव्हता. तसंच सगळे ऐकत बसले.

"गुरुजी, ही कोन हसस?" चिंधानं विचारलं.

"आमच्या घरातली," गुरुजी म्हणाले.